एडियस सोडून रिझॉल्व्हवर जावं का? २२ लग्नांनंतर पडलेला प्रश्न

बोरीकाठ (अमळनेर)

राम राम मंडळी. वैशाख-ज्येष्ठाची धावपळ संपली, मांडव उतरले, आता जरा बूड टेकून विचार करायला वेळ मिळालाय. म्हणून हा धागा.

मी १२ वर्षं लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग करतो. सगळं काम एडियस ७ या एडिटिंग सॉफ्टवेअरवर. परवाना तेव्हाच रीतसर विकत घेतला होता, त्याचे पैसे कधीच वसूल झाले. डोळे मिटून चालवतो म्हटलं तरी चालेल. डावा हात कीबोर्डवर, सी दाबला की कट. हळदीचा चार तासांचा माल दुपारी बसलो तर दिवेलागणीपर्यंत कापून मोकळा.

यंदा सोनीचा नवा मिररलेस कॅमेरा घेतला आणि तिथून गणित बिघडलं. त्याच्या फाइल्स एडियस ७ उघडतच नाही. दुसऱ्या एका सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती टाकली. तिथे उघडल्या, पण अडकत अडकत. मग रोज रात्री सगळा माल कन्व्हर्ट करायला लावून झोपायचं. मे महिन्यात आमच्याकडे रात्रीसुद्धा खोली तापलेली असते. पहाटे उठून बघावं तर मशीन बंद पडलेलं आणि काम निम्म्यावर. तीन लग्नं अजून द्यायची राहिलीत. एका वधूपित्याचा फोन आला की घशाला कोरड पडते. ते रागावत नाहीत, फक्त "कधी देता भाऊ?" एवढंच विचारतात, आणि तेच जास्त लागतं.

हाताखालचा पोरगा म्हणतो रिझॉल्व्ह घ्या. जळगावचे दोन मित्र म्हणतात प्रीमियर. माझी अडचण शिकण्याची नाही. माझ्याकडे एक टीबी भरून एडियसचे गाण्यांचे तयार प्रोजेक्ट आहेत, फोटो आणि क्लिप टाकल्या की गाणं तयार. टायटल सगळी श्रीलिपीत. आणि पाच वर्षांपूर्वीचं गिऱ्हाईक येऊन "आजीचा तेवढा भाग पुन्हा काढून द्या" म्हणतं, तेव्हा जुना प्रोजेक्ट उघडावा लागतो. हे सगळं सोडून जायचं का?

मशीन दोन वर्षांपूर्वी असेंबल केलंय. १२ व्या पिढीचा आय-५, १६ जीबी रॅम, एनव्हिडियाचं ३०६० कार्ड.

लळिंग (धुळे)

भाऊ, सॉफ्टवेअरचं नंतर बघू. आधी दोन गोष्टी बघून इथे लिहा. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात कॅमेऱ्याची एक फाइल टाका आणि काय दिसतं ते जसंच्या तसं सांगा. आणि प्रोसेसरचं पूर्ण नाव. "आय-५" एवढ्यावरून काही कळत नाही, शेवटचं अक्षरसुद्धा हवं.

बोरीकाठ (अमळनेर)

फाइल एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५. ३८४० × २१६०, ५० फ्रेम, ४:२:२, १० बिट (हे दोन म्हणजे रंगाची माहिती किती साठवायची त्याचे आकडे), २०० एमबीपीएस. प्रोसेसर आय-५ १२४००एफ.

लळिंग (धुळे)

मला वाटलंच होतं. शेवटच्या त्या "एफ" मध्येच निम्मं दुखणं आहे. सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे याच चुकीपायी कितीतरी जणांनी सॉफ्टवेअर बदलली आणि तरी रडगाणं तेच राहिलं.

तुमचे दोन वेगळे प्रश्न एकात गुंतलेत. पहिला, एडियस ७ जुनं आहे. ते आलं २०१३ साली, आणि एच.२६५ हे मानकच मंजूर झालं २०१३ साली. तुमच्या कॅमेऱ्यातली ही फाइल त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मली. एडियस ७ ने ती उघडावी ही अपेक्षाच करता येत नाही. एडियसच्या पुढच्या आवृत्त्या ती उघडतात.

दुसरा प्रश्न असा की नव्या सॉफ्टवेअरमध्येही ती अडकते. एच.२६५ फाइल फार घट्ट दाबून बांधलेली असते. ती सोडवायला प्रोसेसरच्या किंवा कार्डाच्या आत वेगळी सोय असावी लागते. ३०६० कार्डात एच.२६५ ची सोय आहे, पण ४:२:० ची. ४:२:२ ची नाही. एनव्हिडियानं ती २०२५ च्या ५० मालिकेत आणली. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये मात्र ११ व्या पिढीपासून ती क्विक सिंक नावाच्या आतल्या सोयीत आहे. पण क्विक सिंक बसतं प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सच्या भागात, आणि "एफ" म्हणजे तो भाग बंद असलेला प्रोसेसर. थोडा स्वस्त मिळतो म्हणून असेंबल करणारे सर्रास तोच बसवतात. गेम खेळणाऱ्याला काही फरक पडत नाही. आपल्याला पडतो.

म्हणजे तुमची प्रत्येक फाइल सहा कोअर नुसत्या ताकदीवर सोडवत बसतात. तापणार नाही तर काय होणार? तुम्ही प्रीमियर घ्या, रिझॉल्व्ह घ्या, एडियस ११ घ्या, या मशीनवर या फाइलला त्रास होणारच.

उपाय तीन. एक, साधा १२४०० घ्या. तोच सॉकेट, तोच मदरबोर्ड चालतो, फक्त बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) आतलं ग्राफिक्स चालू करून घ्या आणि "एफ" विकून टाका. दोन, कॅमेऱ्यात ४:२:० लावा, मग हेच कार्ड ती फाइल उचलेल. तीन, प्रॉक्सी. कामापुरत्या हलक्या प्रती करायच्या, कापाकापी त्यांच्यावर, शेवटी मूळ फाइलवर रेंडर. फुल एचडीत डीएनएक्सएचआर एलबी या हलक्या प्रकारात केलं तर ५० फ्रेमला ताशी साधारण ३२ जीबी जागा लागते. तुमची मूळ फाइल २०० एमबीपीएसनं ताशी ९० जीबी खाते.

यातलं एक करा, मग सॉफ्टवेअरचं ठरवा.

वाघूर (भुसावळ)

लळिंग यांनी लाख मोलाचं सांगितलं. मी या धंद्यात व्हीएचएसच्या काळापासून आहे. दोन व्हीसीआर, मध्ये मिक्सर, तिसऱ्यावर रेकॉर्ड. एक चूक झाली की मागे जाऊन सगळं परत. आज कॉम्प्युटरवर एडिटिंग करतो तरी आपल्याकडे लोक "मिक्सिंगला दिलंय" म्हणतात, तो शब्द त्या मिक्सरचा.

बोरीकाठ भाऊ, मला एक सांगा. ही १०-बिट ४:२:२ फाइल तुम्ही कोणासाठी काढता? लॉगमध्ये (फिक्या, सपाट रंगात) शूट करून नंतर रंग चढवता का? चढवत असाल तर १० बिट हवंच, नाहीतर आकाशात पट्टे दिसतात. पण नुसतं स्टँडर्डमध्ये शूट करून पेन ड्राइव्हवर फुल एचडी देत असाल, तर विधींच्या तीन तासांसाठी ८ बिट पुरतं. दुकानदारानं सांगितलं म्हणून सगळ्यात वरची सेटिंग लावून ठेवायची आणि मग रात्र रात्र कन्व्हर्ट करत बसायचं, हे मी फार जणांचं बघितलंय आणि मला त्याचं वाईट वाटतं. कॅमेरा चांगला आहे, त्याला कामाप्रमाणे वापरा.

आणि सीझनमध्ये बदलू नका. तुळशीचं लग्न लागेपर्यंत वेळ आहे. तोवर जे शिकायचं ते शिका.

बोरीकाठ (अमळनेर)

नाना, खरं सांगतो, लॉगमध्ये फक्त हायलाइटचं (छोट्या, निवडक फिल्मचं) शूट करतो. बाकी सगळं स्टँडर्ड. सेटिंग मात्र दोन्हीला तीच ठेवली होती. हा विचार मी केलाच नव्हता.

पांझरा (धुळे)

मी सरळ मॅक मिनी घेतला, एम४ वाला, १६ जीबी. २०२४ मध्ये आला तेव्हा ५९,९०० रुपये किंमत होती. अशा फाइल्स लोण्यासारख्या चालतात, कारण ४:२:२ ची सोय चिपमध्येच आहे. फायनल कट एकदाच विकत घ्यायचं, अमेरिकेत २९९ डॉलर. घेण्याआधी फुकट वापरून बघता येतं. वीज कमी खातो, उन्हाळ्यात आवाज नाही. यूपीएसवरही बराच वेळ टिकतो. लोडशेडिंगच्या गावात हे काही थोडं नाही.

लळिंग (धुळे)

मॅक उत्तमच. पण एडियस मॅकवर चालत नाही. म्हणजे यांचा एक टीबी प्रोजेक्टचा साठा आणि जुन्या गिऱ्हाइकांचं काम एका दिवसात परकं होईल. जुनं मशीन बाजूला ठेवणार असाल तरच.

गिरणामाय (मूळ पाचोरा, सध्या मुंबई)

मी मुंबईत पोस्ट प्रॉडक्शनमध्ये आहे. पांझरा यांनी फायनल कटचं नाव काढलं म्हणून एक घडलेली गोष्ट सांगते. जून २०११ मध्ये ॲपलनं फायनल कट प्रो एक्स आणलं. सगळं नव्यानं लिहिलेलं. पण सुरुवातीला त्यात फायनल कट ७ चे प्रोजेक्ट उघडत नव्हते आणि मल्टीकॅमही (अनेक कॅमेऱ्यांचा माल एकत्र कापायची सोय) नव्हतं. जगभरचे एडिटर इतके संतापले की बंद केलेली जुनी आवृत्ती ॲपलला काही काळ पुन्हा विकायला काढावी लागली. पुढे मल्टीकॅम आलं, सॉफ्टवेअर छान झालं, पण मधल्या काळात कितीतरी लोक प्रीमियरकडे आणि ॲव्हिडकडे निघून गेले.

यातून तुमच्या कामाचं एवढंच: प्रोजेक्ट फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जशीच्या तशी जात नाही. एएएफ किंवा ईडीएल या कटांच्या याद्यांच्या फाइलनं कट जातात. टायटल, इफेक्ट, गाण्यांची सजावट मागेच राहते. सुरू असलेली तीन लग्नं जिथे सुरू केली तिथेच संपवा. मधेच हलवू नका, कृपा करा.

सातपुडा_कन्या (शहादा)

मी अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ करते. दोन वर्षांपूर्वी मीही अशीच अडले होते. भाऊ, मन्हं काम बी आठेच अटकेल व्हतं. महिन्याच्या भाड्यावरचं सॉफ्टवेअर होतं. गाण्यांची कामं काही बारमाही नसतात, पण भाडं बारमाही. एका पावसाळ्यात भाडं भरलं नाही, आणि नेमकं तेव्हाच जुन्या गाण्यात बदल करून मागितला. स्वतःचंच काम उघडायला पैसे भरावे लागले. त्या दिवशी ठरवलं, एकदाच पैसे देऊन जे आपलं होईल ते घ्यायचं.

रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती आधी टाकली. अल्ट्रा एचडी ६० फ्रेमपर्यंत चालते, वॉटरमार्क येत नाही. पण बोरीकाठ दादा, तुमच्या १०-बिट ४:२:२ फाइलला विंडोजवर स्टुडिओ ही विकतची आवृत्तीच लागेल, फुकट आवृत्तीत ती अडते. स्टुडिओ २९५ डॉलरला, एकदाच, आणि एक किल्ली दोन मशीनवर चालते. चाचणीपुरतं ८ बिटमध्ये शूट करा आणि फुकटवरच हात बसवा.

आता तीन गोष्टी, ज्या मला कोणी सांगितल्या नाहीत.

प्रोजेक्ट सुरू करताना सगळ्यात आधी टाइमलाइनचा फ्रेम रेट लावा, २५ किंवा ५० जे असेल ते. एकदा माल आत घेतला की तो बदलता येत नाही. मी गाण्याचा अर्धा भाग कापून झाल्यावर हे शिकले.

दुसरी, ही रडवणारी. एडियसमध्ये प्रोजेक्ट म्हणजे एक फाइल, डी ड्राइव्हवर ठेवली की निश्चिंत. रिझॉल्व्ह प्रोजेक्ट आपल्या डेटाबेसमध्ये ठेवतं, आणि मी काही बदललं नव्हतं म्हणून तो होता सी ड्राइव्हवर. विंडोज बिघडलं, मी सी फॉरमॅट करून घेतला. माल सगळा डी वर शाबूत. प्रोजेक्ट मात्र सात गाण्यांचे गेले. तेव्हापासून रोज उठताना डीआरपी फाइल (प्रोजेक्टची प्रत) बाहेर काढून ठेवते आणि प्रोजेक्ट बॅकअप दुसऱ्या ड्राइव्हवर चालू असतो.

तिसरी, आपली अक्षरं. अहिराणीत न्ह, म्ह, ल्ह पावलोपावली. एका सॉफ्टवेअरमध्ये मी "मन्हा" टाइप केलं आणि पडद्यावर आलं न, त्याखाली पाय मोडल्याची तिरपी रेघ, मग वेगळा उभा हा. इतर शब्दांतली वेलांटी एक अक्षर पुढे सरकलेली. घाईत बघितलं नाही, गाणं चढवलं, आणि पहिलीच प्रतिक्रिया एका आजोबांची: "बेटा, आपली बोली नीट लिही." मी ते गाणं उतरवून पुन्हा चढवलं. प्रीमियर वापरणाऱ्यांनी प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्समध्ये जाऊन टेक्स्ट इंजिन दक्षिण आशियाई करावं, जोडाक्षरं जागेवर येतात. रिझॉल्व्हमध्ये साधं टेक्स्ट आणि टेक्स्ट प्लस दोन्ही तपासून बघा, फाँटही बदलून बघा. माझ्याकडे दहा शब्दांची यादी आहे: मन्हा, तुन्हा, श्रीकृष्ण, प्रतिष्ठान, ज्येष्ठ, वऱ्हाडी, असे. नवीन काहीही टाकलं की आधी ही यादी टाइप करून, रेंडर करून, टीव्हीवर बघते. अगदीच नडलं तर इंकस्केपमध्ये टायटल करून पीएनजी आणते.

श्रीलिपीचे जुने फाँट तुम्ही तसेच वापरू शकता, ते इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवतात, म्हणून जोडाक्षर मोडत नाही. फक्त फाँट निवडायला विसरलात तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. तरी मुक्ता, बलू यांसारख्या युनिकोड फाँटची सवय लावाच. त्यात लिहिलेलं उद्या कुठेही नेता येतं.

वाघूर (भुसावळ)

ताई, त्या आजोबांचं बोलणं मनावर घेऊन गाणं दुरुस्त केलंत, फार बरं वाटलं.

पांझरा (धुळे)

गाण्यांच्या तयार प्रोजेक्टबद्दल कोणी बोललं नाही. ते रिझॉल्व्हमध्ये चालणार नाहीतच. पण मी म्हणतो, चालायला हवेत का? धुळ्यापासून नंदुरबारपर्यंत प्रत्येक लग्नाच्या फिल्ममध्ये तीच हृदयाच्या आकाराची चौकट, तेच उडणारे गुलाब. लोकांनाही आता ते नको झालंय. नव्या मुली येऊन सांगतात, "दादा, आमचंच दाखवा, फुलं नको."

बोरीकाठ (अमळनेर)

शहरात असेल तसं. आमच्या खेड्यातल्या आयाबहिणी अजून विचारतात, "गाणं टाकलं का?" त्यांच्यासाठी ती फिल्म म्हणजे घरातली वस्तू आहे, पाहुणे आले की लावतात. त्यांना नको असेल तेव्हा मी काढीन.

तापीकाठ (शिरपूर)

एक कळकळीची विनंती. काहीही निवडा, पण क्रॅक (चोरीचं सॉफ्टवेअर) टाकू नका. मी ओळखीतल्या एकाकडून पेन ड्राइव्हवर आणलं होतं. आठव्या दिवशी सगळ्या फाइल्सची नावं बदललेली, एकही उघडेना, आणि पैसे मागणारी चिठ्ठी पडद्यावर. चार लग्नांचा माल गेला. कार्ड रिकामी करून झाली होती, दुसरी प्रत नव्हती. एका घरातली आजी लग्नानंतर पंधरा दिवसांनी वारली होती. तिचं शेवटचं हसणं त्या मालात होतं. मी त्या घरी जाऊन हात जोडले. त्यांनी चहा दिला, काही बोलले नाहीत. रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती असताना कोणावर ही वेळ येऊ नये.

बोरीकाठ (अमळनेर)

(श्रावणात परत आलोय, उशिराबद्दल माफी.)

राहिलेली तीन लग्नं एडियसवरच संपवून देऊन टाकली. वधूपित्यानं पेढे आणले. लळिंग भाऊंच्या सांगण्यावरून "एफ" विकला, साधा १२४०० बसवला. बायोसमध्ये आतलं ग्राफिक्स बंद होतं, ते चालू केलं. त्याच सॉफ्टवेअरच्या चाचणी आवृत्तीत तीच फाइल, जी दर दोन सेकंदांनी अडायची, ती सरळ चालली. मी खुर्चीत मागे टेकून नुसता बघत बसलो.

मग नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या गल्लीत कानबाई, आमची खान्देशची देवी, बसली. तेच पहिलं काम म्हणून रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत घेतलं, ८ बिट, २५ फ्रेम. रविवारी स्थापना, रात्री जागरणाची गाणी, सोमवारी मिरवणूक आणि बोरीवर विसर्जन. अडीच तासांचा माल. एडियसवर दीड दिवसात झाला असता, इथे चार दिवस लागले. पहिले दोन दिवस बोटं सी दाबत राहिली. रिझॉल्व्हमध्ये कीबोर्ड आपल्या मनासारखा लावता येतो. प्रीमियर, ॲव्हिड, फायनल कटचे नकाशे तयार मिळतात, एडियसचा नाही. एकेक बटण बसून लावलं. तिसऱ्या दिवशी हात चालू लागला.

पण रंग! जागरणाच्या शॉटमध्ये समईचा उजेड, कानबाईच्या नारळावर काढलेले डोळे, नथ, आणि कुंकवाचा लाल. एडियसमध्ये माझ्याकडून तो लाल नेहमी फुटायचा, सगळा एकच डाग व्हायचा. इथे कलरच्या पानावर फक्त लाल धरून थोडा खाली आणला, आणि नारळाच्या शेंड्या वेगळ्या दिसू लागल्या, कुंकवाचे कण दिसू लागले. आईला दाखवलं. ती पडद्याला हात लावून पाया पडली.

माझं असं ठरलंय. दुसरा आणि तिसरा कॅमेरा फुल एचडी ८ बिट. विधींची लांब फिल्म आणि गाणी एडियस ७ वरच. चाचणीची एचडी फाइल त्यात नीट उघडली. नवा कॅमेरा हायलाइटसाठी, १० बिट, आणि तेवढं काम रिझॉल्व्हमध्ये. त्यासाठी तुळशीच्या लग्नाआधी स्टुडिओ घेणार आणि रॅम ३२ करणार. होळीपर्यंत सहा-सात लग्नं अशी होतील. लांब फिल्मलाही हात बसला तर एडियसचं मशीन फक्त जुन्या कामांसाठी राहील. नाही बसला तर दोन्ही चालवीन, त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

प्रीमियरचा विचार सोडला. सॉफ्टवेअर चांगलं आहे, पण माझं उत्पन्न चार-पाच महिन्यांचं आणि भाडं बारा महिन्यांचं.

लळिंग (धुळे)

पटलं. होळीनंतर इथे नक्की लिहा.

सातपुडा_कन्या (शहादा)

दादा, कानबाईचं वाचून अंगावर काटा आला. कानबाई माय की जय. दहा शब्दांची यादी टाइप करून बघितली का? आणि डीआरपी बाहेर काढली का?

बोरीकाठ (अमळनेर)

ताई, यादी बघितली. टीव्हीवर मोठं करून "मन्हा" बघितलं, न्ह जोडूनच आला. "प्रतिष्ठान" एका फाँटमध्ये तुटलं, मुक्तात नीट आलं. डीआरपी दोन ठिकाणी ठेवलीय. एक प्रत माझ्या कामाच्या जागी, दुसरी पेन ड्राइव्हवर बहिणीकडे, पारोळ्याला.